भावपूर्ण विराम

४ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दामच लिहिलेलं नाही.

तुझं पाकीट मिळालं. तुझं कसलं, तुझ्या मॅनेजरचं. आत तुझ्या हातचं एक अक्षर नाही. छापील पत्र, आणि त्यात मी ‘आदरणीय महोदया’. तुझं शेंबडं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसत आले, ती आता महोदया झाले. फोन केला तर तोही तोच उचलतो आणि सर सरावात आहेत म्हणतो. म्हणून पत्र लिहितेय. बहिणीचं पत्र फोडण्याइतका तो निर्लज्ज नसेल असं धरून चालते.

आत्याच्या सन्मानार्थ कार्यक्रम करणार म्हणे. मार्चच्या मध्यावर, नदीकाठच्या नव्या सभागृहात. तू सोलो वाजवणार, खालच्या सुरांना बासवाले काका, आणि साथीच्या गिटारवर आत्याच्या जागी मी. इथपर्यंत वाचलं तेव्हा माझे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी का होईना, पोराला घर आठवलं असं वाटलं. मग सोबतची पानं उलगडली.

तो सोलो. दुसरा कुठला असणार. तळघरातल्या क्लबमध्ये त्या संध्याकाळी तू उभ्या उभ्या जे सुचेल ते वाजवलंस, ते कुणीतरी ध्वनिमुद्रित करत होतं आणि त्याची रेकॉर्ड निघाली, एवढाच त्याचा इतिहास. आता त्यातला सूर न सूर कागदावर उतरवलाय. प्रत्येक सुराच्या डोक्यावर, तार छेडायची पिक कुठल्या दिशेनं न्यायची त्याचा बाण: पिक खाली, पिक वर, पिक खाली. माझ्या कॉर्ड्‌ससुद्धा कुठल्या बोटानं धरायच्या ते लिहिलंय. आणि तिसऱ्या पानावर, मधोमध, एका रिकाम्या जागेवर छापलंय: ‘भावपूर्ण विराम’.

भिंगऱ्या, तिथे वेटरनं ट्रे पाडला होता.

मी समोरच्याच टेबलाशी होते. काचेचे सगळे पेले फुटले, तू दचकून थांबलास, आत्यानं तुझ्याकडे बघून भुवई उडवली आणि एक कॉर्ड वाजवून तुला परत आत ओढून घेतलं. रेकॉर्ड काढताना त्यांनी पेल्यांचा आवाज पुसून टाकला, तुझा दचका तेवढा राहिला. आणि आता मी त्या दचक्याची तालीम करायची! मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी उठून हात धुतले. खरंच धुतले, साबण लावून.

आत्याच्या घरचा नियम तू विसरला असशील तर सांगते, कारण तुझ्या मुलाखतींत तो कधी येत नाही. एकदा वाजवलेला सोलो पुन्हा वाजवायचा नाही. वाजवलास तर बाकीचे साथ सोडतात. ओरडणं नाही, डोळे वटारणं नाही. हात तारांवरून उचलायचा आणि मांडीवर ठेवायचा. वाजवणारा एकटा पडतो, स्वतःचं शिळं स्वतःच ऐकतो आणि गप्प होतो. माझी साथ तिनं किती वेळा सोडली त्याला गणती नाही. एकदा तर साथ सोडून भाजी निवडायला बसली. तुझी एकदाच सोडली, पण भरल्या क्लबात, रेकॉर्ड गाजल्यानंतर, लोकांनी ‘तोच वाजवा’ म्हणून ओरडा केला आणि तू तोच वाजवलास तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं अंथरूण रिकामं होतं. आईबाप गेल्यावर जिनं आपल्याला पदरात घेतलं, तिला तू चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हतीस.

आत्याची तब्येत तुला कळवली होती, तरी पुन्हा लिहिते. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे. कान शाबूत आहेत. झटका येण्याच्या आदल्या आठवड्यात तिनं तुला रेडिओवर ऐकलं, बटण बंद केलं आणि मला म्हणाली, “त्याला म्हणावं, एकदा काही न ठरवता माझ्यासमोर वाजवून जा. मग मी सुटले.” तिचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं धड बोलणं.

तेव्हा ये. पण कागद न घेता ये.

ताई

२१ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

पुन्हा शिक्का मारलेलं उत्तर आलं. ‘सरांच्या रसिकांची मूळ सोलोचीच अपेक्षा असून तिकिटे त्याच आधारावर विकली गेली आहेत.’ म्हणजे बेत ठरलेलाच. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि वर आत्याच्या नावाची पाटी लावायची.

मी कुठं शिकवते ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खाली गिटारी दुरुस्त करतात, त्यांच्या लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास जिन्यानं वर येतो आणि ओल्या सतरंजीच्या वासात मिसळतो. त्या खोलीत दर संध्याकाळी कुणी ना कुणी तुझं पुस्तक काखोटीला मारून येतं. मुखपृष्ठावर तू, डोळे मिटून, हनुवटी वर. आत तुझे सोलो, बाणांसकट. मालकानं मला सांगून ठेवलंय, ताई, हल्ली हेच चालतं, हेच शिकवा.

माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर येतात. माणूस भला, हात स्थिर, दिवसभर लोकांच्या तोंडात घालून घालून तयार झालेला. परवा त्यांनी तुझा सोलो वाजवून दाखवला. तिसऱ्या पानावर पोचले, थांबले, डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि नाकातून एक लांब श्वास सोडला. मी विचारलं, डोळे का मिटलेत? म्हणाले, मॅडम, विराम भावपूर्ण आहे ना. मी त्यांना ट्रेची गोष्ट सांगितली. त्यांनी गिटार खोळीत भरली आणि जाताना दारात अगदी हळुवारपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्यांच्यावर जळता का हो?”

मला त्या माणसाची किळस आली नाही. तो बिचारा तुझ्यावर विश्वास ठेवून आहे. किळस आली ती तुझी. गावभर लोक डोळे मिटून फुटक्या पेल्यांपुढे श्वास सोडतायत, आणि तुला ठाऊक आहे, आणि तू ते छापून विकतोस.

आत्याकडे रोज जाते. शुश्रूषागृहाच्या खोलीत औषधाचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास मुरलाय, पडदे पिवळे पडलेत. तिच्या पलंगाला लोखंडी कठडा आहे. मी गिटार काढली की तिचा डावा हात कठड्यावर जातो. बोटाचं पेर वरून टेकवते ते खाली, नख खालून लावते ते वर. खाली-वर, खाली-वर. पेराचा आवाज मऊ, नखाचा टणक. लहानपणी आपण पिक एकाच दिशेनं ओढून सगळ्या तारांवरून घसरत जायचो तेव्हा ती काय म्हणायची? “झाडू मारू नका रे. कॉर्ड म्हणजे घर आहे. आर्पेजिओ म्हणजे त्या घरातल्या एकेकाला नावानं हाक मारायची. आणि चालताना दोन्ही पाय वापरता ना? मग पिकनं काय पाप केलंय, खाली तसंच वर.” ते सगळं आता त्या एका बोटात उरलंय.

परवा मी दमले होते. आदल्या दिवशीचीच ओळ परत वाजवली. तिचं बोट थांबलं. हात उचलला आणि चादरीवर ठेवला. बोलता येत नाही, घास भरवावा लागतो, पण बाईनं साथ सोडली! मी इतकी हसले की नर्स बघायला आली.

या बाईसमोर तू तो सहा पानी कागद वाजवणार आहेस. कार्यक्रमाच्या दिवशी चाकांच्या खुर्चीत घालून तिला पहिल्या रांगेत बसवणार आहेत, असं संयोजक बाईंनी मला आनंदानं कळवलंय. विचार कर.

ताई

१३ मार्च

भिंगऱ्या,

तू याच गावात आहेस, दोन चौक ओलांडले की तुझं हॉटेल, आणि मी पत्र लिहितेय. हे तुझ्या दाराखालून सरकवून जाईन. तुझ्याशी दोन शब्द बोलायला मिळतील म्हणून मी तालमीला लवकर आले होते, पण मॅनेजर तुझ्यापासून हातभरसुद्धा हलला नाही. तो बाजूला झाला असता तरी तू बोलला असतास असं नाही म्हणा. मला पाहून तू म्हणालास, “बारीक झालीस गं,” आणि लगेच ध्वनिवाल्याकडे वळलास.

ती खोली! गालिच्याला शाम्पूचा वास, कोपऱ्यात देठ कुजलेली फुलं, टेबलावर वाटीत पुदिन्याच्या गोळ्या. तू वाजवताना सुद्धा एक गोळी चघळत होतास. गालात इकडून तिकडे फिरवत. मला ती गोळी दिसत राहिली, सूर ऐकूच येईनात.

मग ऐकू आले, आणि ते जास्त वाईट झालं. तू झाडू मारतोस. कागदावर बाण खाली-वरचे आणि हात मात्र एका ओढीत सगळ्या तारांवरून. गुळगुळीत, तुळतुळीत, एक सूर दुसऱ्याहून वेगळा नाही. म्हणजे लोकांना विकलेले बाणसुद्धा तू पाळत नाहीस. बासवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते मुळात बोलत नाहीत हे तुला ठाऊक आहे. पाहिलं आणि वाटीतली एक गोळी उचलून खिशात टाकली, एवढंच.

आता आत्याकडे काय झालं ते. मला वाटलं होतं, तू एकटा जाशील. तू फोटोवाल्याला घेऊन आलास. तिच्या ओठाच्या कडेनं लाळ आली होती, ती पुसायला मी पुढं झाले तर फोटोवाला म्हणाला, थांबा, सरांना पुसू दे. आणि तू पुसलीस. कॅमेरा तयार होईपर्यंत रुमाल हातात धरून थांबलास, आणि मग पुसलीस. त्या क्षणी मला ओकारी आली असती तर बरं झालं असतं, फोटो तरी बिघडला असता.

पुढचं तू पाहिलंस की नाही, मला शंका आहे. तिनं डाव्या हातानं तुझा उजवा हात धरला. ओढून कठड्यावर ठेवला, आपल्या हाताशेजारी. मग बोट वाजवलं. पेर, नख, पेर, नख. आणि थांबली. तुझ्या हाताकडे बघत राहिली. ती तुला विचारत होती रे. तू पुढचं वाजव म्हणत होती, कठड्यावर, दोन बोटांनी, जे सुचेल ते. तू तिच्या हातावर थोपटलंस. फोटोवाला म्हणाला, “छान, तसंच ठेवा.” आणि तू तसंच ठेवलंस.

म्हणून आता स्पष्ट लिहिते, नंतर पाठीत वार केला म्हणू नकोस. शनिवारी तू तिच्यासमोर शिळं वाजवलंस तर मी साथ सोडीन. काकांना मी काही सांगितलेलं नाही, ते त्यांचं बघतील. मला शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस, पण ती एवढ्यासाठी थांबली आहे. तू आला नसतास तर मी तिला समजावलं असतं. पण तू येऊन तिच्यापुढे हा कागद वाढणार, आणि मी बाजूला बसून वाढपी व्हायचं, ते माझ्याच्यानं होणार नाही.

अजून तीन रात्री आहेत. गोळी थुंक, दार लाव, आणि चार कॉर्ड घेऊन बस.

ताई

१८ मार्च

भिंगऱ्या,

तू न भेटता गेलास. हॉटेलात चौकशी केली तर खोली झाडून घेत होते. माझं दाराखालचं पत्र तू वाचलं होतंस की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

तू जवळपास सगळा वेळ डोळे मिटून होतास, म्हणून काय झालं ते मीच सांगते.

पहिली दोन पानं मी वाजवली. वाट पाहत होते. मला वाटलं, आत्ता वळेल, आत्ता कागद सोडेल. समोर आत्या, मांडीवर शाल, डावा हात खुर्चीच्या लोखंडी नळीवर. तू सुरू केलंस तेव्हा तिचं बोट चालत होतं. पहिलं पान संपायच्या आत थांबलं. तिनं हात शालीवर ठेवला. तिला ओळखायला तेवढं पुरलं.

तरीही मी वाजवत राहिले, हे लक्षात ठेव. तू माझा भाऊ आहेस म्हणून वाजवत राहिले.

मग तिसरं पान आलं. तू थांबलास, हनुवटी वर केलीस, आणि तुझ्यासमोर बसलेले निम्मे लोक तुझ्याबरोबर श्वास सोडताना मला ऐकू आले. इथे माझी कॉर्ड यायची होती. त्या संध्याकाळी आत्यानं वाजवली होती ती. मी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांचा हात माझ्या आधीच खाली आला होता.

विराम लांबला. कधी नव्हे तो खरा झाला. तू कागदातली पुढची ओळ सुरू केलीस, तिच्याखाली कुणी नव्हतं, ती मध्येच मोडली. कुणीतरी खोकलं. तू गोळी गिळलीस, मला तुझ्या गळ्यात दिसली. आणि मग तू पहिली कॉर्ड धरलीस आणि तिचे सूर एकेक करून वाजवलेस. खाली. वर. खाली. वर. झाडू नाही. शिकायला बसलेल्या पहिल्या दिवशी वाजवले होतेस तसे. पुढच्या कॉर्डवर जाताना बोट घसरलं, दांडीवरच्या शेजारच्या फ्रेटवर पडलं, चुकला सूर. आणि तू तो झाकला नाहीस. त्याच्यावरच थांबलास, परत वाजवलास, जणू त्याला विचारत होतास की तू इथे कसा. आणि तिथून काहीतरी निघालं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. तूही नव्हतंस. अडखळत होतं, मध्ये मध्ये भोकं होती, पण प्रत्येक सूर आपल्या पायावर उभा होता.

समोर नळीवर नख वाजलं. आत्या परत आली होती.

भिंगऱ्या, माझा हात तारांवर गेला. मी कॉर्ड धरली होती, बोटं दाबली होती, फक्त वाजवायची होती. आणि तेवढ्यात तू डोळे उघडलेस. तुला माणसं दिसली. तू माइककडे वळलास आणि हसून म्हणालास, “माफ करा मंडळी. माझ्या ताईच्या हाताला पेटका आलाय. वय झालं बिचारीचं.”

लोक प्रेमानं हसले. मला टाळ्यासुद्धा मिळाल्या.

मी पेटका आल्यासारखी बसून राहिले. काय करणार होते? उठून सांगणार होते, की हात धडधाकट आहे आणि भाऊ भित्रा आहे? तुझ्या मॅनेजरनं ध्वनिवाल्याला खूण केली आणि कर्ण्यांतून साथ सुरू झाली. ती साथ मी पहिल्या ठोक्याला ओळखली. रेकॉर्डवरची, आत्याची स्वतःची. तुमच्याकडे ती वेगळी काढून तयार ठेवलेली होती, अडीअडचणीला. आणि तिच्यावर तू पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलंस, विरामासकट.

ज्या सोलोला तिनं भर क्लबात साथ नाकारली, त्यालाच तिच्या तेव्हाच्या हातांनी साथ द्यायला लावलीस. रेकॉर्डमधल्या आत्याला हात उचलता येत नाही, हे तू बरोबर हेरलंस. आणि खरी आत्या समोर बसून ते ऐकत होती, हात शालीवर ठेवून. ती रडली नाही. तिनं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी तुला लिहून सांगणार नाही.

लोक उभे राहिले म्हणे. मला दिसलं नाही, मी गिटारीची खोळ शोधत होते.

ताई

११ एप्रिल

भिंगऱ्या,

चित्रफीत निघाली. दातांच्या डॉक्टरांनीच मोबाइलवर आणून दाखवली, मोठ्या कौतुकानं. मी मुद्दाम शेवटपर्यंत बघितली.

मी वाजवलेली दोन पानं आहेत. विराम आहे, नीटनेटका, मोजून कापलेला. त्याच्या पलीकडे लगेच कर्ण्यातली साथ आणि तू. मधलं सगळं गेलं. माझा मांडीवरचा हात गेला तर गेला, पेटका गेला तर बरंच झालं. पण तुझा चुकलेला सूर गेला, त्यातून निघालेलं ते गेलं. घर सोडल्यापासूनच्या सोळा वर्षांत तू एवढंच एक काय ते जिवंत वाजवलंस, आणि तेवढंच कात्रीनं कापून टाकलंस. खाली सहीच्या जागी तुझं नाव आहे, म्हणजे तुझ्या परवानगीनं.

डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुमचा हात बरा आहे ना आता?” मी म्हटलं, उत्तम आहे. त्यांनी त्यांच्या ओळखीचं एक मलम सुचवलं.

मला आता रागसुद्धा येत नाही. कपाटाच्या मागे काहीतरी सडतंय आणि कपाट हलवायची ताकद नाही, तसं झालंय. गिटारीला हात लावला की बोटांना तारांचा तो गंजट वास येतो. लहानपणी आपण तो हुंगून हुंगून हसायचो. आता मी हात लांब धरते. चार दिवस दुकानात गेले नाही. खरंच पेटका आलाय असं मालकाला कळवलं. तुझी थाप माझ्या कामी आली, आहे की नाही गंमत.

यापुढे तुला लिहिणार नाही, असं ठरवलंय.

ताई

२ मे

भिंगऱ्या,

ठरवलेलं मोडतेय, पण कारण माझं नाही. आत्याचं आहे.

कार्यक्रमानंतर ती भिंतीकडे तोंड करून असायची. मी गिटार नेत नव्हते, तिनंही मागितली नाही. मग मागच्या आठवड्यात नर्स म्हणाली, आजी दिवसभर कठड्यावर बोट आपटतात, पाणी दिलं तर पीत नाहीत, कूस बदलली तर रागावतात, काय हवंय ते कळत नाही. तिथल्या डॉक्टरांनी कंप आहे म्हणून गोळी सुरू केली. मीही पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं. पेर, नख, पेर, नख, मग एकदम काही नाही, मग तीन ठोके, मग पुन्हा काही नाही. तुटक, वेडंवाकडं. मला वाटलं, आता हेही गेलं.

रविवारी बासवाले काका तिला बघायला आले. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर. तिचं बोट चाललं होतं. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग ते माझ्याकडे वळले आणि तुला पटणार नाही, बोलले.

“अगं, हे त्याचं आहे. पेटक्याच्या आधीचं.”

मी कठड्याला कान लावला. पहिल्या कॉर्डचे सूर, एकेक. खाली, वर, खाली, वर. मग ती रिकामी जागा, तुझं बोट घसरलं तिथली. मग तोच सूर परत, पेरानं. मग नखानं. तू त्याला विचारलंस तसं. पुढचं सगळं, अडखळण्यासकट, भोकांसकट, तू माइककडे वळलास तिथपर्यंत. तिथे ती थांबली. डोळे मिटून जरा वेळ पडून राहिली, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

तुम्ही कापून फेकलंत ते तिनं उचलून ठेवलंय. दुसरीकडे कुठंच ते नाही. तुझ्यापाशीही नाही, मला माहीत आहे. असतं तर तू ते छापलं असतंस.

गोळी मी बंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन गेले. तुझ्याबद्दलची शिसारी गेली असं समजू नकोस. रुमाल धरून थांबलेला तू मला अजून दिसतोस, आणि दिसलास की तोंडात कडू येतं. तुझ्यासाठी मी हे करत नाही. पण त्या दिवशी मी धरलेली कॉर्ड वाजवायची राहून गेली होती. ती मी तिच्या बोटाखाली वाजवली. तिनं डोळे उघडले, भुवई उडवली, आणि दोघींनी मिळून तुझा तो सोलो तुटेपर्यंत नेला.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. सकाळी नर्स अंथरूण नीट करून गेली की आम्ही बसतो. जिनं आयुष्यभर कुणाला एक ओळ दोनदा वाजवू दिली नाही, ती रोज तेच वाजवते, ठोका न ठोका तेच, आणि तू तोडलंस तिथे येऊन पुढचं कुणी वाजवेल म्हणून थांबते. दाराकडे बघते. मग पुन्हा पहिल्यापासून.

हात अशक्त होत चाललाय. नखाचा आवाज काल मला वाकून ऐकावा लागला.

यायचं असेल तर एकटा ये. गिटार नको, इथे आहे. कागद आणलास तर मी जिन्यातच फाडीन. तिच्या शेजारी बस, ती जिथे थांबते तिथून पुढे जे सुचेल ते वाजव, चुकलास तरी चालेल, कठड्यावर वाजवलंस तरी चालेल.

आपल्या घरच्या नियमानं ती रोज वाजवते ते शिळंच आहे. मी साथ सोडलेली नाही.

ताई